झेंडा साडेसहाला दाखवा

मे महिन्यातली सुटी, गावची जत्रा, मंडळाचा वर्धापनदिन, १ मेचा महाराष्ट्र दिन. निमित्त कोणतेही असो, सायकल शर्यत ठेवली की चार गावची पोरे गोळा होतात. पूर्वी भाड्याच्या सायकली आणून, मडगार्ड काढून या शर्यती होत. आता गिअरच्या सायकली आल्या. दापोली, चिपळूण, रत्नागिरी येथे सायकलवाल्यांचे क्लब झाले. पन्नाशीचे गृहस्थ हेल्मेट घालून भल्या पहाटे भाट्याच्या पुलावरून पावसच्या दिशेने जाताना दिसतात. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. मधुमेहाच्या गोळ्या लिहून देण्यापेक्षा सायकल लिहून देणे मला केव्हाही आवडेल.

तक्रार आहे ती वेळेबद्दल. पत्रकावर ‘सकाळी ठीक ७ वाजता’ असे छापलेले असते. पोरे साडेसहापासून अर्धपोटी येऊन मैदानात उभी राहतात. प्रमुख पाहुण्यांची गाडी साडेआठला येते. मग दीपप्रज्वलन, हारतुरे, नारळ, चार भाषणे. झेंडा दाखवला जातो तेव्हा साडेनऊ झालेले असतात. म्हणजे पोर तीन तास उन्हात तापल्यावर शर्यतीला सुटते आणि भर अकराच्या उन्हात घाट चढते. अशा दोन-तीन शर्यतींना मी वैद्यकीय मदतीसाठी खुर्ची टाकून बसलो आहे. खुर्ची मंडपात, सावलीला होती, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत शर्यत किती वाजता सुटते हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेचा नसून वैद्यकाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज जरा सविस्तर सांगतो.

आपले स्नायू हे मोठे उधळे यंत्र आहे. अन्नातून मिळालेली शक्ती शंभर धरली तर तिच्यातली जेमतेम वीस ते पंचवीस पेडलपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. चांगला जोर लावून सायकल मारणारा तरुण तासाभरात सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता स्वतःच्या अंगात तयार करतो. ही उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच, घाम. एक लिटर घाम अंगावरच पुरता वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे हिशेब जवळजवळ जुळतो. पण ‘वाळला तर’ हे दोन शब्द विसरू नका. हनुवटीवरून टपटप गळणारा घाम अंग थंड करीत नाही. तो शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे नेतो.

आणि घाम वाळण्याच्या बाबतीत आपले कोकण बदनाम आहे. मे महिन्यात नागपूरला पारा ४३ वर गेल्याची बातमी वाचून आपण हळहळतो आणि रत्नागिरीचे ३३ अंश पाहून सुटकेचा श्वास सोडतो. आता तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळा. नागपूरच्या कोरड्या हवेत, दमटपणा १५ टक्के असताना, तो २२-२३ अंशांपर्यंत उतरेल. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणा असताना तोच तापमापक २८ च्या खाली येणार नाही. ओले फडके म्हणजेच आपली घामेजलेली कातडी. नागपूरचे ऊन सोपे आहे असे मी म्हणत नाही. तिथल्या उन्हाने माणसे दरवर्षी दगावतात. पण ‘आमच्याकडे कुठे एवढे तापते?’ हे आपले नेहमीचे वाक्य शरीरशास्त्राला मान्य नाही. दोरीवरचा टॉवेल वाळायला किती वेळ लागतो ते आपल्या घरच्या बाईमाणसांना विचारा, त्यांना हे सारे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

सायकल शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय हिने २०२४ पासून उन्हातल्या शर्यतींसाठी नियमावली लागू केली. तिच्यात नुसता पारा पाहत नाहीत. ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला १० टक्के असे धरून एक आकडा काढतात. तो २८ च्या वर गेला की धोक्याचा लाल पट्टा. मग शर्यतीची वेळ बदलणे, बर्फ-पाणी वाढवणे, अंतर कमी करणे, प्रसंगी शर्यत थांबवणे यांचा विचार करायचा असतो. मी आपल्याकडच्या साध्या एप्रिलमधल्या दुपारचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. उत्तर बत्तिसाच्या आसपास येते. त्याच दिवशी सकाळी साडेसहाचा हिशेब पंचविसाच्या आतच राहतो. जगातले तयारीचे व्यावसायिक सायकलपटू ज्या आकड्याला थबकतात, त्याच्याही वर चार अंशांत आपण दहावी-बारावीच्या मुलांना सोडतो.

फेब्रुवारी-मार्चबद्दलही गैरसमज नको. त्या दिवसांत पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्रावरचा खारा वारा उशिरा सुटतो, आणि मग रत्नागिरीचा पारा मेपेक्षाही वर, ३७-३८ पर्यंत चढतो. शिमग्याच्या सुमारास शर्यत ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

दमट किनारपट्टीवरचे ऊन काय करू शकते याचे उदाहरण फार लांबचे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन्‌तास उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जण मृत्युमुखी पडले. पारा त्या दिवशी चाळिशीच्या आत होता. आणि ती माणसे नुसती बसलेली होती. सायकलवाल्याच्या अंगात वर आणखी एक भट्टी पेटलेली असते.

आता प्रत्यक्ष शर्यतीकडे येऊ. मुले मला विचारतात, “डॉक्टर, उन्हात दम टिकवायला काय घेऊ?” काय घ्यायचे ते पुढे सांगतो. आधी काय घालवायचे नाही ते ऐका. ताकद राखणे आणि अंग थंड ठेवणे ही एकाच पैशाच्या दोन बाजू आहेत, कारण पेडलवर टाकलेल्या प्रत्येक जोराबरोबर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगात जमा होते. मैदानातून सुटताच लोकांच्या टाळ्यांसाठी पहिले चार किलोमीटर जिवाच्या आकांताने मारणारा मुलगा घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तापलेला असतो. मग हृदयाला दोन धनी होतात. पाय रक्त मागतात आणि कातडीही अंग निवण्यासाठी रक्त मागते. घामाने रक्तातले पाणी कमी झालेले असतेच. वेग तोच राहतो आणि नाडी मात्र वाढत जाते. तेव्हा शर्यतीचा पहिला तिसरा हिस्सा असा चालवावा की शेजारच्याशी एक पुरे वाक्य न थांबता बोलता यावे. पुढे गेलेल्यांपैकी निम्मे जण नंतर रस्त्याकडेला बसलेले भेटतात.

दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे. सपाट रस्त्यावर तिने पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. गणपतीपुळ्याच्या बाजूला जाताना समोरून खारा वारा आला की तिचे मोल कळते. मात्र आडोशाला राहिले की अंगावरचा वाराही कमी होतो आणि घाम वाळत नाही. म्हणून आळीपाळीने पुढे यावे, अधूनमधून जरा बाजूला सरकून अंगावर वारा घ्यावा. अर्थात हे ज्यांचा सराव आहे त्यांनी. चाकाला चाक लागून पडलेल्यांची हाडे बसवण्याचे काम माझे मित्र करतात, त्यांना कामाची टंचाई नाही.

खरा धोका घाटात. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने जाताना फुकटचा पंखा अंगावर चालू असतो. निवळीच्या घाटात किंवा आरे-वाऱ्याच्या चढावर वेग आठ-दहावर येतो आणि तो पंखा जवळजवळ बंद पडतो. मागून तेवढ्याच वेगाचा वारा असेल तर अंगावरची हवा अगदी थिजते, माश्यासुद्धा बरोबरीने चालतात. जोर मात्र सर्वांत जास्त इथेच लागतो, आणि बाजूची जांभ्याची दरड तापून वेगळीच धग टाकत असते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक चढाचा कोणाला ना कोणाला राजा व्हायचे असते. चढ दिसताच हलका गिअर टाकावा, बसूनच चालवावे, पाय भरभर पण हलके फिरवावेत. जर्सीची चेन उघडी टाकावी. पायथ्याशी डोक्यावर, मानेवर आणि हातांवर पाणी ओतून घ्यावे. हेल्मेट काढू नये. पुढे उतार आहे. मंडळाने वाटलेला जाड, गडद रंगाचा, जाहिरातीने भरलेला टी-शर्ट बक्षीस समारंभात घालावा, शर्यतीत नको.

पाण्याबद्दल एक जुना समज अजून जिवंत आहे. ‘पाणी पिऊ नकोस, पोटात गोळा येईल, जड होशील,’ असे शिकवणारे गुरुजी मी पाहिले आहेत. एकेकाळी युरोपातही हेच चाले. टूर द फ्रान्समध्ये सायकलपटूंना किती बाटल्या मिळाव्यात यावर बंधने होती. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या, खडकाळ डोंगराचा चढ भर उन्हात चढताना कोसळला आणि गेला. त्याने उत्तेजक गोळ्या घेतल्या होत्या, पोटात थोडी दारूही होती. उत्तेजकाने थकव्याची सूचना देणारी घंटाच बंद केली, उन्हाने आणि निर्जलीकरणाने बाकीचे केले. थकवा हा शत्रू नव्हे. शरीराने लावलेला तो ब्रेक आहे. म्हणून शर्यतीआधी कोणी ‘ताकदीची गोळी’ दिली तर ती घेऊ नये. अंगदुखीची गोळी आधीच घेऊन ठेवण्याची टूम निघाली आहे, तीही वाईट. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला बाधते.

मग प्यावे किती? दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप, म्हणजे तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, बहुतेकांना पुरते. नेमके हवे असेल तर सरावाच्या दिवशी सायकलीआधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करावे. साठ किलोच्या मुलाचे वजन एक-सव्वा किलोपेक्षा अधिक घटले तर तो कमी पितो आहे. उलट वाढले तर जास्त पितो आहे, आणि तेही बरे नव्हे. नुसते साधे पाणी भरमसाट ढोसल्याने रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखणे, ओकारी आणि फिट येण्यापर्यंत वेळ जाते.

बाजारातल्या रंगीत बाटल्यांची गरज नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू पिळावे. आगळाचे पाणीही उत्तम, आगळात मीठ असतेच, साखर तेवढी घालावी. अमृत कोकम असेल तर त्यात साखर असते, मीठ आपण घालायचे. शहाळे चांगलेच, पण घामातून जाते ते मीठ त्यात थोडे असते. म्हणून शर्यतीभर फक्त शहाळ्यावर राहू नये. सोलकढी शर्यत संपल्यावर, भाताबरोबर. आणि कोणी थंड म्हणून बिअर पुढे केली तर ती ज्याची त्याला परत द्यावी.

बर्फाचा गोळा खाऊ नको म्हणून मुलांना आपण आयुष्यभर रागे भरतो. इथे मात्र तो कामाचा आहे. शर्यतीच्या अर्धा तास आधी बारीक किसलेला बर्फ सरबतातून खाल्ला तर अंग आतून थोडे निवते आणि तापायला उशीर लागतो. मात्र तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा. मिरकरवाड्याचा बर्फ मासळीसाठी आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मानेवर ठेवायला चालेल, पोटात नको.

उन्हाची सवय लागायला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज तासभर उन्हात बेताने सायकल मारली तर त्या अवधीत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातले पाणी वाढते. हे विकत मिळत नाही. म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांची. वर्षभर वातानुकूलित ऑफिसात बसलेला, रात्रभर गाडीतून जागून आलेला भाऊ तिसऱ्या दिवशी गावच्या शर्यतीत नाव देतो, कारण शाळेत असताना तो पहिला आला होता. त्याच्या आईने त्याला घरी आंबे कापायला बसवावे.

दोन दिवसांपूर्वीपर्यंत ताप किंवा जुलाब झालेल्यांनी, रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हातल्या शर्यतीत उतरू नये. मधुमेही व्यक्तींनीही आधी विचारावे. साखरेच्या सरबताचा हिशेब त्यांच्यासाठी वेगळा.

मराठी डॉक्टर मंडळींनी सायकलीवर मोठे पराक्रम केले आहेत, हे इथे अभिमानाने सांगायला हवे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने पुरी केली. त्या शर्यतीत जून महिन्यात वाळवंट ओलांडावे लागते. पण त्यांच्यामागे सोबतीची गाडी असते, गाडीत बर्फ, पाणी, मीठ आणि डोके शांत असलेली माणसे असतात. आपल्याकडे मागून येते ती मंडळाची जीप, आणि तिच्यात लाउडस्पीकर असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळी शर्यतीतून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला रिक्षातून माझ्या दवाखान्यात आणले. तो असंबद्ध बडबडत होता, सोबत्यांना ओळखत नव्हता, शिव्या देत होता. मुळात शांत मुलगा. रस्त्याकडेला त्याला फिट आली असे समजून कांदा हुंगवला होता, तोंडात पाणी ओतण्याचा प्रयत्न झाला होता, आणि थरथरतो म्हणून टॉवेलात गुंडाळले होते. अंग घामाने निथळत होते. त्यामुळे ‘ऊन लागले नाही, ऊन लागले की कातडी कोरडी पडते,’ असे एका वडीलधाऱ्यांचे ठाम मत पडले. बसून ऊन लागलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी बहुधा कोरडी असते. श्रम करताना उष्माघात झालेल्या तरुणाची कातडी ओली असू शकते. ही खूण धरून बसलात तर वेळ जाईल. काखेत तापमान ३८.५ भरले, गुदद्वारातून घेतले तेव्हा ४१ च्या वर. आम्ही त्याला मागीलदारी विहिरीवरच्या दगडी डोणीत घातले, वरून कळशा ओतल्या, शेजारच्या घरातला फ्रीज रिकामा केला. पंचवीस मिनिटांत त्याने स्वतःचे नाव सांगितले. मग त्याला मोठ्या इस्पितळात पाठवले. पुढचे दोन दिवस लघवी काळ्या चहासारखी होती, स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आला होता. सुदैवाने डायलिसिसची वेळ आली नाही.

म्हणून हे पाठ करून ठेवा: शर्यतीत मुलगा भ्रमिष्टासारखा बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, की १०८ ला फोन लावा आणि त्याच वेळी तिथल्या तिथे थंड करायला लागा. आधी थंड करणे, मग नेणे. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आले तर बहुतेक जण वाचतात. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. क्रोसीनसारख्या तापाच्या गोळीचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे.

आयोजकांना खर्च फार नाही. मंडपवाल्याकडून एक मजबूत ताडपत्री घ्यावी. शंभर लिटर पाण्याचे दोन पिंप आणि बर्फाच्या दोन लाद्या एका टेंपोत ठेवून तो घाटाच्या माथ्यावर आधीच उभा करावा. मुलाला ताडपत्रीच्या मध्यावर झोपवायचे, चौघांनी चार कोपरे उचलून तिची डोण करायची, आत बर्फाचे पाणी ओतायचे आणि ते हलवत राहायचे. एकाने डोके पाण्याबाहेर धरायचे. कापायला लागला, नीट बोलू लागला की बाहेर काढायचे. हे काम त्या चौघांनी आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा करून पाहावे, ताडपत्रीत मंडळाच्या अध्यक्षांना झोपवून. आणि प्रमुख पाहुण्यांना निमंत्रण साडेआठचे, बक्षीस समारंभाचे द्यावे. तोपर्यंत पोरे परत आलेली असतील.